हात शंभर, कोठीचे दार एक

संगणकनिर्मित चित्रपटात दर सेकंदाला २४ चित्रे आपल्या दृष्टीपुढून सरकतात. १९९५ साली प्रदर्शित झालेला ‘टॉय स्टोरी’ हा अशा प्रकारचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याची एक लाखाहून अधिक चित्रे ११७ संगणकांनी मिळून साकारली. साहजिकच वाटेल, की संगणक दुप्पट केले म्हणजे वेळ निम्मा होईल. वस्तुस्थिती मात्र तशी नाही.

चित्र रेखाटण्यापूर्वी प्रत्येक संगणकाला दृश्यातील आकृती, पोत व प्रकाशयोजना यांची माहिती सामाईक भांडारातून मागवून स्मृतीत मांडावी लागते. समजा, या पूर्वतयारीस ५ मिनिटे व रेखाटनास ५ मिनिटे लागतात. १०० चित्रे १० संगणकांना एकेक करून दिली व तयारी दर वेळी नव्याने झाली, तर १०० मिनिटे जातात. तीच प्रत्येकाला सलग १० दिली आणि मांडलेली सामग्री मोडली नाही, तर ५५ मिनिटांत काम उरकते. संगणक १०० केले, तरी पहिली ५ मिनिटे चुकत नाहीत. उलट सारे एकदम भांडाराशी आले, की तीही लांबतात. स्वयंपाकाला शंभर हात, पण कोठीचे दार एकच!

कामाचा जो अंश वाटून देता येत नाही, तोच अखेर वेगाची मर्यादा ठरवतो, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून जाणते लोक सामग्रीची प्रत प्रत्येक संगणकावर आधीच ठेवतात. लहान चित्रशाळेनेही नवा संगणक घेण्यापूर्वी आपला वेळ तयारीत जातो की रेखाटनात, हे घड्याळ लावून पाहावे. पुष्कळदा तो खर्च करावाच लागत नाही.