साठवणुकीचे तंत्र – लेखांक ९ : काढायची डिस्क नेमकी कोणती?

मागच्या लेखात आपण रेड ५ चे गणित पाहिले. एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते, दुसरी गेली की सगळे संपते. हे गणित करताना आपण धरून चालतो की दुसरी डिस्क गेलीच तर स्वतःच्या दोषाने जाईल. प्रत्यक्षात एक डिस्क बंद पडली की उरलेल्या डिस्कांना, ती बदलायला आलेल्या हाताचाही धोका असतो. आजच्या चार युनिट उंचीच्या एका पेटीत साठ, काही पेट्यांत शंभरावर डिस्क बसतात. सगळ्या एकसारख्या, एकाच मापाच्या. त्यांतली मेलेली राहिली आणि शेजारची चालती ओढली, तर यंत्राचा काहीच दोष नसताना माहिती जाते. खणावरच्या छोट्या दिव्याकडे सोय म्हणून पाहिले जाते, पण रेडने दिलेले संरक्षण डिस्क बदलण्याच्या घटकेला टिकते ते बरेचसे त्या दिव्यावर. आणि तो दिवाही पडताळूनच मानावा, हे माझ्या म्हणण्याचे दुसरे अंग.

अडचण मुळात नावांची आहे. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावे देते ती त्या सापडतील त्या क्रमाने. मशीन पुन्हा सुरू झाले की कालची एसडीएफ आज एसडीजी असू शकते. तेव्हा ‘एफ म्हणजे सहावी, म्हणून सहावा खण’ हा हिशेब एखादे दिवशी दगा देणारच. न बदलणारी ओळख म्हणजे सीरियल नंबर. पण तो छापलेला असतो डिस्कच्या अंगावर, आणि बहुतेक पेट्यांत डिस्क बाहेर काढल्याशिवाय तो दिसत नाही. ओळख पटल्याशिवाय काढायची नाही, आणि काढल्याशिवाय ओळख पटत नाही! हा पेच दिवा सोडवतो. मोठ्या सॅस पेट्यांत एसईएस नावाची व्यवस्था असते. कोणत्या खणात कोणत्या पत्त्याची डिस्क बसली आहे हे पेटीलाच ठाऊक असते, त्यामुळे संगणकाने डिस्कला काय नाव दिले याला महत्त्व उरत नाही. लिनक्सवर लेडसीटीएल, फ्रीबीएसडीवर सेसयूटिल, ब्रॉडकॉमच्या रेड कार्डांवर स्टोरसीएलआय अशा आज्ञांनी त्या खणाचा दिवा लावता येतो.

दिव्याची भाषा रंगापेक्षा तालात बांधलेली आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटते. आयबीपीआय या संकेतानुसार ‘मी इथे आहे’ म्हणणारा दिवा सेकंदाला चार वेळा लुकलुकतो, बिघाडाचा दिवा सलग पेटून राहतो, आणि डिस्कवर माहिती पुन्हा उभी राहत असेल तर तो सेकंदाला एकदा लुकलुकतो. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या माणसालाही ताल कळतो. सगळे उत्पादक मात्र हा संकेत पाळत नाहीत. एचपीच्या २०१२ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोलायंट सर्व्हरांत शोधखूण निळी आहे, आणि शिवाय एक पांढरा दिवा आहे. तो पेटला असेल तर अर्थ असा, की ही डिस्क काढलीत तर माहितीचा संच कोसळेल. हात चुकू शकतो हे गृहीत धरूनच उत्पादकाने हा दिवा बसवला आहे.

यावर कोणी म्हणेल, बिघाडाचा दिवा आपोआप लागतोच, मग मुद्दाम खूण कशाला? तो लागतो कंट्रोलरच्या लक्षात आले तर. एमडी किंवा झेडएफएस यांसारखी सॉफ्टवेअर रचना असेल, तर डिस्क बाद केल्याचे सॉफ्टवेअरला कळते, पण ते पेटीला कळवण्याची वेगळी तजवीज करावी लागते. आणि पूर्ण न मरता नुसती मंदावलेली डिस्क तर दिव्याच्या लेखी धडधाकटच असते. दुसरा आक्षेप, चुकून दुसरी काढली तर परत लावावी, बिघडले काय? तेवढ्या वेळात बाकीच्या डिस्कांवर लिखाण पुढे सरकलेले असू शकते. एमडी अशा डिस्कांचा संच आपणहून जुळवत नाही, जबरदस्ती करावी लागते, आणि काही कंट्रोलर तीच डिस्क परकी म्हणून दाखवतात. कधी निभावते, पण त्याच्या भरवशावर राहू नये. खणावर सीरियल नंबरची चिठ्ठी चिकटवण्याचा उपाय उत्तम आहे, मात्र पहिल्या बदलीनंतर चिठ्ठीही बदलली तरच.

सर्वांत वजनदार आक्षेप दिव्यावरच आहे : तोच खोटे बोलला तर? बोलू शकतो. एसजीपीआयओ पद्धतीत दिव्यांचे संदेश जोडणीच्या क्रमाने जातात, डिस्कची ओळख त्यात नसते. केबल उलटसुलट लागली की आज्ञा बरोबर असूनही दिवा भलत्याच खणावर लागतो. म्हणून दिवा मुद्दाम लावावा, विझवावा, पुन्हा लावावा, आणि तोच खण प्रतिसाद देतो ना हे पाहावे. त्याने शेजारच्या रॅकमधला वेगळ्याच कारणाने लुकलुकणारा दिवा गाळला जातो. केबलचा घोळ मात्र एवढ्याने पकडता येत नाही. त्यासाठी डिस्क जिवंत असताना तिच्यावरून सलग वाचन करावे आणि कामाचा दिवा कोणत्या खणात धडधडतो ते ताडून पाहावे. पूर्ण मेलेली डिस्क वाचन देत नाही. तिथे उलटा मार्ग : बाकी सगळ्यांवर वाचन लावले की अंधारा राहिलेला खण तिचा. कॉन्सोलवर बसलेला माणूस पुण्यात आणि पेटी ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर ही तपासणी फोनवर दोघांनी मिळून करायची असते. हाताने डिस्क बाहेर घेतल्यावर नवी बसवण्याआधी सीरियल नंबर मोठ्याने वाचून दाखवावा.

एवढा खटाटोप वेळ खातो, ही तक्रार खरी आहे. पण १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने पुन्हा भरायची म्हटली तरी बावीस तासांवर लागतात, आणि रेड ५ मध्ये तेवढा काळ माहितीला दुसरा आधार नसतो. त्यापुढे पडताळणीची दहा मिनिटे काहीच नाहीत. तुमच्या संस्थेत अशी पेटी असेल, तर सगळ्या डिस्क चालू असतानाच एकेका खणाचा दिवा लावून पाहा आणि कोणत्या खणात कोणता सीरियल नंबर आहे याची यादी करून रॅकच्या दारावर लावा. पहिली डिस्क बंद पडण्याआधी हे काम उरका.