लाल दिसलं की खेळ खलास

सिनेमाच्या धंद्यात निजामाचं राज्य अजून खालसा झालेलं नाही. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. तरीही हिंदी सिनेमाचे वितरक देशाचे जे इलाखे पाडतात, त्यांत परभणी ‘निजाम’ सर्किटमध्येच मोडते. सोबतीला तेलंगणा आणि कर्नाटकातले बिदर, गुलबर्गा, रायचूर. पुण्या-मुंबईचे हक्क एकाकडे, परभणी-नांदेडचे भलत्याकडे. रिळांच्या पेट्या रेल्वेने आणि एसटीने गावोगाव फिरत, आणि आडबाजूच्या गावांत पोचेपर्यंत प्रिंटवर ओरखड्यांचा पाऊस सुरू झालेला असे.

याच इलाख्याने 1987 सालचे दोन महाबली पाहिले. एक हिंदी: शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’. दुसरा मराठी: महेश कोठारे यांचा ‘दे दणादण’. पहिल्यात अनिल कपूर मनगटावरच्या यंत्राने अदृश्य होतो. दुसऱ्यात पोलिसाच्या वर्दीतल्या लक्ष्याला, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांना, मारुतीच्या कृपेने अचाट ताकद येते. जवळजवळ चार दशकं उलटली. संगणकावर अख्खं शहर पाडून दाखवणारे सिनेमे आता मोबाइलवर दिसतात. अशा वेळी हे दोन महाबली उभे राहतात का, हा प्रश्न आठवणींचे कढ काढण्यापुरता विचारायचा नसेल, तर सिनेमे पुन्हा बारकाईने पाहावे लागतात.

तसे पाहिले की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो एक योगायोग. दोन्ही वीरांचं मर्म एकच आहे: लाल रंग. अदृश्य माणूस लाल उजेडात दिसायला लागतो, आणि लाल रंग दिसला की लक्ष्याची शक्ती जाते. एकाच वर्षी, दोन भाषांत, दोन वेगळ्या मंडळींनी शक्तीचा तोच तोडगा वापरला. कोणी कोणाचं उचललं असं मी म्हणत नाही. लाल रंगाची निवड दोघांनाही परवडणारी होती, असं मला वाटतं.

परवडण्याचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या सुपरमॅनला नामोहरम करायला क्रिप्टोनाइट लागतं. त्याच्या स्फोट झालेल्या ग्रहाचा हा दगड 1943 मध्ये रेडिओमालिकेतून गोष्टीत आला. आता हा दगड पडद्यावर आणायचा तर आधी तो बनवा, चमकवा, मग प्रेक्षकाला समजावून सांगा. लाल रंग फुकट मिळतो. दिव्यापुढे लाल जिलेटिनचा कागद लावला की अनिल कपूर दिसतो. लक्ष्यासाठी तर तेवढंही नको. लुगडं, रुमाल, मिरची, झेंडा, कुंकू यांतलं काहीही चालतं, आणि गावात यांतलं काही नाही अशी जागाच नसते. एकदा हा नियम कळला की प्रेक्षक पडद्याचा कानाकोपरा धुंडाळायला लागतो: लाल कुठे आहे? नायकाच्या आधी आपल्यालाच धोका दिसतो. हा ताण निर्माण करायला एक पैसा पडत नाही, आणि तो आजही तसाच काम करतो. नव्या प्रेक्षकाला तारा दिसतील, उडी खोटी वाटेल. पण लाल कापड पुढे आलं की तोही सावरून बसेल.

‘मिस्टर इंडिया’ची करामत जवळून पाहण्यासारखी आहे. छायाचित्रण बाबा आझमींचं, स्पेशल इफेक्ट पीटर परेरांचे. आजच्यासारखा संगणक हाताशी नव्हता. जे काही करायचं ते तारा, झाकलेल्या चौकटी आणि एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा घेतलेली चित्रं यांच्या जोरावर. चूक झाली तर ती फिल्म धुऊन आल्यावरच कळणार. मूर्तिचोर गोऱ्या गुंडाचा प्रसंग आठवा. बॉब क्रिस्टोचा तो धिप्पाड देह, आणि हवेत तरंगत येऊन त्याला बडवणारी मारुतीची मूर्ती. मारणारा दिसत नाही, गुंडाला वाटतं देवच खवळला, आणि शेवटी तो बजरंगबलीचा जयजयकार करतो. पडद्यावर खरोखर काय आहे? अधांतरी धरलेली एक मूर्ती आणि एक चांगला नट. प्रसंग पेलला आहे तो बॉब क्रिस्टोने. नसलेल्या माणसाचा मार खाण्याचं काम तो इतकं मन लावून करतो की आपण तार शोधायचं विसरतो. अदृश्य माणसाच्या सिनेमात खरी कसोटी दिसणाऱ्या माणसांची असते. हे गणित पटकथेला माहीत होतं. सलीम-जावेद जोडीचा हा शेवटचा सिनेमा. 1957 च्या ‘मिस्टर एक्स’मध्ये स्वतः अदृश्य झालेल्या अशोककुमारांना इथे त्या यंत्राचा पत्ता सांगायला आणलंय, हा जाणत्या प्रेक्षकासाठी केलेला इशारा.

‘मिस्टर इंडिया’च्या खलनायकाचा, मोगॅम्बोचा, तो झगमगता लष्करी पोशाख शिवला माधव अगस्ती यांनी. अमरीश पुरींचा निम्मा दरारा त्या खांद्यांत आणि कॉलरीत आहे. उरलेला निम्मा अर्थातच आवाजात.

आता लक्ष्याकडे. ‘दे दणादण’ आला ते वर्ष नीट लक्षात घ्यावं. 25 जानेवारी 1987 रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं आणि दारा सिंगांचा हनुमान घराघरांत पोचला. पण मराठवाड्यातल्या खेड्याला मारुतीची ओळख टीव्हीने करून द्यायची गरज नव्हती. परभणी जिल्ह्यात कुठेही जा, गाव म्हटलं की मारुतीचा पार असतो. शनिवारी तेल, रुईच्या पानांची माळ, आणि शेंदराचे थर चढून नाकडोळे बुजलेली मूर्ती. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास. मारुती आणि बलोपासना यांची सांगड त्यांनी महाराष्ट्रभर घातली. अशा मुलुखात हवालदाराला मारुती पावतो हे पटवून द्यायला सिनेमाला पाच मिनिटंही खर्चावी लागत नाहीत. अमेरिकी वीराला किरणोत्सारी कोळी चावावा लागतो. आपल्याकडे पार आहे.

गंमत अशी, की शेंदूर ज्याचा वेष त्याच देवाच्या भक्ताला लाल रंगाचं वावडं. बाल मारुतीने उगवता सूर्य फळ समजून झेप घेतली ती लाल दिसला म्हणूनच. रामायणातल्या मारुतीलाही बंधन आहे, पण ते वेगळं: ऋषींच्या शापाने त्याला स्वतःच्या बळाचा विसर पडतो आणि समुद्रकाठी जांबवंताला आठवण करून द्यावी लागते. म्हणजे महाबलीला खोट हवी हे आपल्या कथेला फार आधीपासून कळलेलं. ‘दे दणादण’मध्ये ती खोट मनातून निघून डोळ्यांत आली. सिनेमा हे डोळ्यांचं माध्यम. तिथे हा बदल अचूक बसतो. या कल्पनेची हवी तेवढी दखल कुणी घेतली नाही, कारण मराठी समीक्षेने लक्ष्याच्या सिनेमांना हसून बाजूला सारण्याची सवय लावून घेतली होती.

परभणीवर एक म्हण आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी. ‘दे दणादण’ची करामत याच चालीची आहे. जमलं तर जमलं. मारामारीत वेग वाढवलेला कळतो, उडालेले गुंड स्वतःच उडालेले कळतात. तरी चालून जातं, कारण बेर्डे ताकद आल्याचं दाखवताना आधी स्वतःच चकित होतात. बळ अंगात आलं आहे आणि अंगाला ते अजून माहीत नाही, ही अवस्था त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. ते काम कुठलाही संगणक करत नाही. जोडीला प्रेमा किरण यांचा ठसका आणि सायकलवाल्या पोलिसाचं गाणं, ते वरातीत अजून वाजतं.

जे टिकलं नाही तेही सांगायला हवं. ‘मिस्टर इंडिया’तल्या ‘हवा हवाई’ गाण्यात श्रीदेवीभोवती तोंडं काळी रंगवलेले नाचे आहेत. तेव्हा कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. आज ते पाहताना श्रीदेवीच्या अफाट कामगिरीवरून नजर हटते आणि मान खाली जाते. उलट तिचा चॅप्लिनच्या वेषातला प्रसंग आज प्रदर्शित झाला तरी लोक उठून टाळ्या वाजवतील. खडे मिसळलेलं धान्य विकणारा दुकानदार जुना झालेला नाही, याबद्दल रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. छोट्या टीनाच्या मृत्यूचा भागही तसाच अंगावर येतो. ‘दे दणादण’चा विनोद मात्र कुठे कुठे फार लांबतो.

मग नव्यांनी काय केलं? 2015 मध्ये निखिल महाजन यांनी श्रेयस तळपदेला घेऊन ‘बाजी’ काढला. मुखवटा, घोडा, देखणं छायाचित्रण, सगळं होतं. पण बाजीचं मर्म कुठलं, हे बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला सांगता येत नव्हतं. जानेवारी 2024 मध्ये प्रशांत वर्मांचा तेलुगू ‘हनुमान’ आला. पुन्हा खेडं, पुन्हा मारुती, पुन्हा एक भोळा गडी. त्याला बळ मिळतं हनुमानाच्या रक्तापासून झालेल्या मण्यातून, आणि ते चालतं फक्त सूर्यप्रकाशात. लाल इथे बळाची बाजू घेऊन आला आहे, आणि खोट रात्रीकडे गेली आहे. सिनेमा देशभर चालला त्याला करामतीइतकंच हे साधं, पोरालाही कळेल असं बंधन कारण आहे, असं माझं मत.

लाल रंगाच्या या गोष्टीत एक क्रूर विनोद रसायनशास्त्राने केला आहे. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असतात. त्यांतला निळसर-हिरवा थर सगळ्यांत आधी उडतो. उरतं ते लालसर, गुलाबी चित्र: आभाळ लाल, झाडं लाल, माणसं लाल. ऐंशीच्या दशकात कमी उडणाऱ्या रंगांची फिल्म आली, तरी गरम पत्र्याखाली, दमट कोठीत पडलेल्या प्रिंटचा काही भरवसा नाही. अशा प्रिंटवर ‘दे दणादण’ लावला तर लक्ष्याची शक्ती श्रेयनामावलीतच जायची, आणि मिस्टर इंडिया पहिल्या क्षणापासून सगळ्यांना दिसायचा. बरं, घराघरांत पोचलेली व्हिडिओ कॅसेट घ्यावी तर तिथेही लाल रंगच सर्वांत जास्त फाकतो, आकाराच्या बाहेर सांडतो. मराठी प्रेक्षकाच्या हाती आज जे ‘दे दणादण’ आहे ते बहुधा अशाच फिकट, कडा कापलेल्या प्रतींवरून आलेलं. सिनेमा जुना झाला म्हणून आपण नाक मुरडतो तेव्हा अनेकदा जुनी झालेली असते ती प्रत.

माझा निवाडा असा: ‘मिस्टर इंडिया’ एका गाण्यातली ती रंगवलेली तोंडं सोडली तर ताठ उभा आहे. ‘दे दणादण’ करामतीत हरतो, कल्पनेत आणि लक्ष्यात जिंकतो, आणि त्याला स्वच्छ प्रत मिळाली तर नव्या पिढीपुढे तो नक्की उभा राहील.

म्हणून एक विनंती. सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा किंवा कुठेही बंद पडलेल्या थिएटरच्या, टुरिंग टॉकीजच्या मालकांच्या घरी रिळांचे डबे पडून असतील तर ते भंगारात घालू नका. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे असं समजा. तो डबा इतरांपासून वेगळा करून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. मराठी सिनेमाची रिळं तर आधी.