मुक्त ध्वनिप्रणाली आणि खानदेशी लोकगीतांचे जतन

प्रस्तावना :

खानदेशच्या लोकजीवनात आखाजी, गुलाबाई आणि कानबाई यांच्या गीतांना मानाचे स्थान आहे. सावदा, फैजपूर, रावेर या केळीच्या पट्ट्यात लेवा गणबोलीतील गाणी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे मुखोद्गत परंपरेने येत राहिली. घरोघरची जाती मात्र थांबली आणि दळताना ओवी म्हणण्याचा प्रसंगच उरला नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी ऐकून उतरवून घेतली गेली, म्हणूनच १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली. शब्द वाचले ते लेखणीमुळे. परंतु गळ्यातील हेल, श्वासाची जागा आणि जात्याच्या फेऱ्याशी जुळलेली लय लेखणीत मावत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणच हवे. हे काम महाविद्यालयाला अल्प खर्चात कसे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुक्त प्रणालीची साधने :

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तर लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या परंपरेतील सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य परवान्यानेच दिलेले असते. परवानाशुल्क नसल्याने प्रयोगशाळेतील जुने संगणकही उपयोगी पडतात.

ध्वनीच्या कामासाठी प्रामुख्याने पुढील साधने आहेत. ‘ऑडॅसिटी’ हे मुद्रण व संपादनाचे सोपे साधन असून त्याची पहिली आवृत्ती २००० मध्ये आली. ‘आर्डर’ हे पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेले सॉफ्टवेअर अनेक मायक्रोफोनचे आवाज स्वतंत्र पट्ट्यांवर एकाच वेळी घेते. वहीगायनात डफ आणि गायक वेगवेगळे मुद्रित करावयाचे असल्यास ते योग्य ठरते. ‘हायड्रोजन’ तालरचनेसाठी, ‘एलएमएमएस’ नव्या संगीतरचनेसाठी आणि ‘म्यूझस्कोर’ स्वरलेखनासाठी वापरतात. ‘उबुंटू स्टुडिओ’सारख्या लिनक्सच्या आवृत्तीत अशी बरीच साधने एकत्रित मिळतात.

मुद्रणाचे गणित :

संगणक ध्वनीची लहर ठरावीक अंतराने मोजतो. सीडीच्या दर्जात सेकंदाला ४४,१०० मापे घेतली जातात व प्रत्येक माप १६ बिटांचे असते. दोन वाहिन्यांच्या एका मिनिटाच्या मुद्रणास सुमारे १०.६ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे एका तासास साधारण ६३५ मेगाबाइट. ‘फ्लॅक’ या मुक्त स्वरूपात साठविल्यास जागा बरीच वाचते आणि मूळ ध्वनीतील काहीही गमावले जात नाही. एमपी३ मध्ये मात्र काही माहिती कायमची वगळली जाते. म्हणून जतनाची प्रत फ्लॅक वा वेव्ह स्वरूपात ठेवावी आणि वाटपासाठी एमपी३ करावी.

दुसरा प्रश्न विलंबाचा. आधी मुद्रित केलेली साथ कानावर घेऊन गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला, तर गायिका लयीतून सुटते. ‘जॅक’ ही ध्वनिवाहक प्रणाली हा विलंब नियंत्रित करते. सेकंदाला ४८,००० मापे आणि २५६ मापांचे दोन गट ठेवल्यास विलंब सुमारे ११ मिलिसेकंद होतो. हवेतून साडेतीन मीटरवरचा आवाज पोहोचण्यास जवळपास एवढाच वेळ लागतो. त्यामुळे तो सहसा जाणवत नाही.

संपादनाचा विवेक :

सॉफ्टवेअर हाती आले की ध्वनी ‘स्वच्छ’ करण्याचा मोह होतो. ऑडॅसिटीमध्ये केवळ पंख्याचा आवाज असलेला भाग निवडून त्याचा नमुना दिल्यास तसा आवाज सर्वत्र कमी करता येतो. परंतु जात्याची घरघर हा अडथळा नव्हे. तिच्या फेऱ्यावरच ओवीची लय उभी असते. ती पुसली तर गीताचा अर्धा पुरावाच नष्ट होतो. त्याचप्रमाणे स्वर आपोआप सुधारणारी साधने आवाज पियानोच्या १२ समान स्वरांकडे खेचतात. लोकगीतातील मींड आणि किंचित चढा-उतरा स्वर ही त्यामुळे चूक समजली जाते. यास्तव मूळ मुद्रण कधीही बदलू नये. सर्व संस्कार स्वतंत्र प्रतीवर करावेत.

मुद्रणासोबत गायिकेचे गाव, बोली, गीताचा प्रसंग आणि दिनांक नोंदविणे आवश्यक आहे. ऑडॅसिटीच्या नामपट्टीवर ओवीनिहाय नोंदी देवनागरीत करता येतात. गायिकेची संमती आधी घ्यावी, तिचा नामोल्लेख तिच्या इच्छेनुसार करावा आणि मुद्रणाची एक प्रत तिच्या घरी पोहोचवावी.

एक आदर्श :

महाराष्ट्रात या कामाचा मोठा आदर्श उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या प्रकल्पात जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या संगणकीय नोंदी व ध्वनिमुद्रणाचे काम केले. तबल्याचे बोल अभ्यासण्यासाठी त्यांनी जेम्स किपेन यांच्यासमवेत रचलेला ‘बोल प्रोसेसर’ही पुढे मुक्त स्रोत झाला.

समारोप :

एक जुना संगणक, एक बरा मायक्रोफोन, लिनक्स आणि मराठी, संगीत व संगणकशास्त्र या विभागांचे सहकार्य एवढ्या भांडवलावर सावद्यासारख्या गावीही ध्वनिसंग्रह उभा राहू शकतो. सॉफ्टवेअर पुढील वर्षीही मिळेल. आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या गायिका मात्र थांबणार नाहीत. म्हणून तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाची वाट न पाहता मुद्रणास आरंभ करणे आणि संपादन सवडीने शिकणे, हाच क्रम योग्य ठरेल.