व्हॉल्व्ह बदलायचा कोणाच्या सांगण्यावरून?

न्हावा शेवा बंदराच्या धक्क्याला लागलेल्या कंटेनर जहाजाच्या मास्टवर दोन आडव्या पट्ट्या दिसतात, एक आखूड आणि एक चांगली लांब. या रडारच्या अँटेना. आखूड पट्टीतून सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास तरंगलांबीच्या लहरी निघतात, लांब पट्टीतून दहा सेंटिमीटरच्या. ३,००० ग्रॉस टनांपासून पुढच्या जहाजावर दुसरे रडार हवेच, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कोकणच्या पावसाळ्यात त्यातली सोय लगेच पटते, कारण आखूड लहरी जोराच्या सरीत विखुरतात आणि लांब लहरी बऱ्याच प्रमाणात पार होतात. रडारच्या पेटीत आजही बहुतेक वेळा मॅग्नेट्रॉन असतो आणि मॅग्नेट्रॉन म्हणजे निर्वात नळी, आपल्या बोलीतला व्हॉल्व्ह. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. तोवर व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर जाऊन जमाना झाला होता. तरीही इथे येणारी जहाजे आपापले व्हॉल्व्ह घेऊन येतात, तेही माल म्हणून नव्हे तर चालू अवस्थेत. व्हॉल्व्ह अजून रोजच्या कामात असलेली दुसरी जागा म्हणजे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. मायक्रोफोनमधून येणारा क्षीण संकेत वाढवणाऱ्या कित्येक प्रीअँपमध्ये तो मुद्दाम बसवलेला असतो. दोन्हीकडे तो झिजतो आणि बदलावा लागतो. मात्र कधी बदलायचा, हे ठरवण्याची रीत दोन्हीकडे अगदी निराळी आहे. माझे म्हणणे असे की जहाजाची रीत बरोबर आहे आणि ती स्टुडिओने उचलावी.

जहाजावर हा निर्णय अंदाजाने होत नाही. रडारमध्ये तासांचा काउंटर असतो. मॅग्नेट्रॉनने किती तास प्रक्षेपण केले, ते त्यावर दिसते. मॅग्नेट्रॉनमधून वाहणाऱ्या करंटचा आकडाही पाहता येतो. तिसरी सोय मला सर्वांत शहाणपणाची वाटते, ती म्हणजे परफॉर्मन्स मॉनिटर. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००४ मध्ये संमत केलेल्या मानकानुसार, रडार बसवताना नोंदलेल्या प्रमाणित स्थितीच्या तुलनेत त्याची कामगिरी लक्षणीय घसरली आहे का, हे चटकन कळले पाहिजे. हे रडार दुसऱ्या जहाजावरच्या रडारपेक्षा सरस आहे का, असा प्रश्न त्यात नाहीच. तुलना आहे ती त्याच यंत्राच्या पहिल्या दिवसाशी. काही हजार तास भरले, करंट उतरला आणि मॉनिटरवरची खूण आखडली, की सुटा मॅग्नेट्रॉन बसवायची वेळ झाली. तंत्रज्ञ आधी रडार बंद करतो, अँटेना चुकून फिरणार नाही याची खात्री करतो आणि उच्च दाबाचे कपॅसिटर रिकामे करतो. मॅग्नेट्रॉनला जबरदस्त कायमचुंबक असल्यामुळे पोलादी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तर तो हातातून खेचला जातो, म्हणून अचुंबकी हत्यारे वापरतात. नवा मॅग्नेट्रॉन बसला तरी लगेच प्रक्षेपण सुरू करत नाहीत. काही मिनिटे नुसता हीटर चालू ठेवायचा, मग करंट पाहायचा, ट्यूनिंग जुळवायचे, काउंटर शून्यावर आणायचा आणि आजचे आकडे लिहून ठेवायचे. पुढच्या काही हजार तासांचा न्याय याच आकड्यांवरून व्हायचा असतो.

स्टुडिओतला व्हॉल्व्ह दिसायला किरकोळ आहे. १२एएक्स७, म्हणजेच युरोपीय नावाने ईसीसी८३, हा बोटाएवढा, नऊ पायांचा व्हॉल्व्ह प्रीअँपमध्ये सर्रास आढळतो. त्याचा हीटर ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपियर घेतो, म्हणजे दोन वॉटलाही किंचित कमी. हीटरभोवती निकेलची नळी असते आणि तिच्यावर बेरियम व स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप. हा कॅथोड तापून लालसर झाला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, ग्रिडच्या जाळीतून वाट काढत प्लेटकडे जातात, आणि ग्रिडवर आलेला माइकचा मिलिव्होल्टमधला संकेत त्या प्रवाहाला कमीजास्त करतो. कॅथोडवरचे मोकळे बेरियम हळूहळू उणे होत जाते. नळीत उरलेला थोडासा वायू लेपाला विष ठरतो. तो शोषून घेण्यासाठी काचेच्या आतल्या बाजूला बेरियमचा चंदेरी थर दिलेला असतो. तो पांढरा पडला तर आत हवा शिरली असे समजावे. डोळ्यांना दिसणारा खात्रीचा दोष जवळपास हाच. मॅग्नेट्रॉनच्या कॅथोडचीही मूळ कहाणी अशीच आहे, पण त्याचे हाल वेगळे. मोठ्या जहाजावरचा २५ किलोवॉटचा मॅग्नेट्रॉन सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या स्पंदात ही शक्ती ओततो. सरासरी काढली तर ती घरातल्या जुन्या बल्बपेक्षाही कमी भरते, पण त्या क्षणापुरते कॅथोडमधून काही अँपियर प्रवाह उपसला जातो आणि उलट फिरलेले काही इलेक्ट्रॉन येऊन कॅथोडवरच आदळतात. १२एएक्स७च्या एका भागातून जेमतेम एखादा मिलिअँपियर वाहतो. इतका अंगमेहनतीचा मॅग्नेट्रॉन आकडे पाहून बदलला जातो आणि बसल्या जागी हलके काम करणारा १२एएक्स७ मात्र ‘वर्ष झाले, आवाज मरगळलाय’ एवढ्यावर काढला जातो. भौतिकशास्त्राच्या अंगाने हे उलटे आहे.

छोटा व्हॉल्व्ह किती टिकू शकतो, याचे पुरावे जुने आहेत. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली टॅट-१ ही पहिली टेलिफोन केबल १९५६ ते १९७८ अशी बावीस वर्षे सेवेत होती. तिच्यातले संकेत वाढवणारे व्हॉल्व्ह समुद्रतळावर होते, जिथे जाऊन ते बदलण्याची सोयच नव्हती. अर्थात ते खास निगराणीत बनवलेले होते. त्यातून व्हॉल्व्हच्या जातीची कुवत कळते, बाजारातल्या प्रत्येक नगाची हमी मिळत नाही. दुसरा दाखला मुंबईतला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला, १९६० मध्ये पूर्ण झालेला संगणक टिफ्रॅक. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. १९६२ मध्ये त्याचे नामकरण जवाहरलाल नेहरूंनी केले. पुढे न्हावा शेवा बंदराला नाव मिळाले तेही त्यांचेच. आता केवळ हिशेबासाठी एका व्हॉल्व्हचे सरासरी आयुष्य १०,००० तास धरा. २,७०० व्हॉल्व्हच्या यंत्रात सरासरी दर पावणेचार तासांनी एक व्हॉल्व्ह दगा देणार. दोन व्हॉल्व्हच्या प्रीअँपमध्ये तीच वेळ सरासरी ५,००० तासांनी येणार. दिवसाला सहा तास, वर्षाला तीनशे दिवस चालणाऱ्या स्टुडिओत हे पावणेतीन वर्षांहून थोडे अधिक झाले. व्हॉल्व्ह बेभरवशाचा असल्याची कीर्ती मुख्यतः अशा हजारो व्हॉल्व्हच्या यंत्रांतून आलेली आहे. त्या यंत्रांनीच उपायही शोधला. अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात विजेचा दाब मुद्दाम वरखाली करून मंडल कोणत्या मर्यादेला कोलमडते ते पाहत, आणि ज्यांची मर्यादा आखडत चालली असे व्हॉल्व्ह बंद पडण्याआधीच काढून टाकत. कॅथोडच्या निकेलमध्ये सिलिकॉनची भेसळ असली की नुसत्या तापत राहणाऱ्या, फारसा प्रवाह न देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये रोध करणारा थर साचतो, हेही तिथल्याच कामातून पुढे आले. ज्यांना हजारो व्हॉल्व्ह सांभाळायचे होते, ते आकड्यांकडे वळले होते.

यावर स्टुडिओतून येणारा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदारही आहे. रडारचे काम लाटांमधून बोट शोधण्याचे, इथले काम कानाला गोड लागण्याचे. मीटरला गोडवा कळत नाही, मग कानानेच ठरवू नये का? व्हॉल्व्हची पहिली निवड कानानेच करावी, यात वाद नाही. व्हॉल्व्हला जास्त जोराचा संकेत देऊन चालवला की दुसऱ्या हार्मोनिकची जी भर पडते, ती कोणाला हवी आणि कोणाला नको, हे आवडीचे प्रकरण आहे. झीज हे मात्र आवडीचे प्रकरण नाही, आणि झीज ओळखण्याच्या बाबतीत कान कच्चा साक्षीदार आहे. ती महिनोन्‌महिने हळूहळू होते आणि कान रोज तिच्याशी जुळवून घेत जातो. उलट नवा व्हॉल्व्ह बसवला की त्याचा गेन सहसा थोडा निराळा निघतो. तो अर्ध्या-एक डेसिबलने जास्त असला तरी आवाज ‘खुलला’ असे वाटते, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला चांगलाच वाटतो. पातळी मोजून समान केली आणि कोणता व्हॉल्व्ह चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू दिले नाही, तरच त्या मताला किंमत. दुसरे म्हणजे, कानाला ऐकू येणारी खरखर खरी असते, पण तिचे मूळ कान सांगत नाही. प्लेटचा रोधक जुना झाला, कपॅसिटर गळू लागला, सॉकेटचे पाय गंजले, तरी आळ व्हॉल्व्हवरच येतो, कारण हाताने उपसता येणारी गोष्ट तीच. पेटीत एकाच जातीचे दोन व्हॉल्व्ह असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहावी. पहिल्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हचा आवाज पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात, त्यामुळे दोष त्याचा असेल तर जागा बदलताच खरखर ठळकपणे कमी होते. तसूभरही फरक पडला नाही, तर नवा व्हॉल्व्ह आणण्याचे पैसे वाचले.

आणि ज्या जागी उत्तम मुद्रणयंत्रे आयतीच आहेत, तिथे मोजमाप अवघड असण्याचे कारण नाही. नवा व्हॉल्व्ह स्थिरावल्यावर माइकच्या जागी दीडशे ओहमचा रोधक लावायचा, गेनचे बटण एका ठरलेल्या खुणेवर ठेवायचे आणि अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करायची. मग ठरलेल्या पातळीचा एक किलोहर्ट्‌झचा स्वर, आणि शेवटी पेन्सिलीच्या रबराने काचेवर हलकी टिचकी. आतली जाळी सैल असली तर घंटीसारखा नाद उमटतो, त्याला मायक्रोफोनिक दोष म्हणतात. फाइलला तारखेचे नाव द्यायचे. दर सहामाहीला हेच करून पहिल्या फाइलशी ताडून पाहिले, की परफॉर्मन्स मॉनिटर घरच्या घरी तयार. फक्त झाकण उघडायचे असेल तेव्हा जाणत्या तंत्रज्ञालाच बोलवावे. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

दुसरा आक्षेप हिशेबी आहे: कशाला ही उठाठेव, दरवर्षी सरसकट बदलून टाका. पण नवा म्हणजे निर्दोष, हे गृहीतच चुकीचे. बऱ्याच विद्युत भागांप्रमाणे व्हॉल्व्हमध्येही कच्चे नग सुरुवातीच्या तासांतच उघडे पडतात. जो हजारभर तास गुपचूप चालला, तो पुढेही चालण्याची शक्यता खोक्यातून नुकत्याच काढलेल्या नगापेक्षा बरी असते. शिवाय दर खेपेला सॉकेटची पकड थोडी ढिली होते. आणि पुरवठा? बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह आपल्याकडच्या रेडिओंत असत, तो काळ गेला. आज ध्वनियंत्रांसाठीचे व्हॉल्व्ह मुख्यतः रशियातल्या सारातोव्ह, स्लोव्हाकियातल्या चाडत्सा आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून येतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटले आणि रशियाने निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा जगभरच्या दुकानांत टंचाई झाली. अशा वस्तूचा चांगला चाललेला नग कॅलेंडर पाहून फेकणे हा सावधपणा नव्हे.

हे सगळे लवकरच गैरलागू होईल, अर्धवाहक आले आहेत ना, असेही कोणी म्हणेल. काही अंशी खरे आहे. १ जुलै २००८ पासून बसवल्या जाणाऱ्या दहा सेंटिमीटरच्या रडारवरची एक जुनी अट निघाली. रडारला उत्तर देणारा दिशादर्शक, म्हणजे रेकॉन, जागा करण्याइतका स्पंद त्यांनी दिलाच पाहिजे, असे उरले नाही. तेव्हापासून शेदोनशे वॉटचे ट्रान्झिस्टर, लांब स्पंद आणि गणिती प्रक्रिया यांच्या जोरावर बिनमॅग्नेट्रॉनची रडार आली. सव्वातीन सेंटिमीटरच्या रडारवर मात्र ती अट कायम आहे, कारण संकटातल्या जीवरक्षक नौकेचा ट्रान्सपाँडर त्याच लहरींना उत्तर देतो. स्टुडिओत तर ट्रान्झिस्टरने शांततेची आणि अचूकतेची स्पर्धा कधीच जिंकली आहे. व्हॉल्व्ह तिथे हौसेने ठेवलेला आहे. हौसेची वस्तू म्हणून तिची निगा अंदाजाने घ्यावी, असे त्यातून निघत नाही.

राहता राहिला साठ्याचा प्रश्न. टंचाईच्या भीतीने जुने, न वापरलेले व्हॉल्व्ह जमवून ठेवणारे पुष्कळ आहेत आणि पन्नास-साठ वर्षे खोक्यात पडलेला मलार्ड कंपनीचा किंवा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा (बेल) नग थेट पूर्ण दाबावर लावला जातो. जहाजावर फार दिवस पडून राहिलेल्या सुट्या मॅग्नेट्रॉनला असे वागवत नाहीत. पडून असताना आतल्या धातूतून थोडा वायू सुटलेला असतो, म्हणून त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ नुसत्या हीटरवर ठेवतात. तसे न करता एकदम प्रक्षेपण केले तर आत ठिणग्या पडतात. जुन्या १२एएक्स७लाही आधी काही वेळ फक्त हीटरवर तापवावे, मग दाब द्यावा, काही तास चालू ठेवावे आणि त्यानंतरच त्याची पहिली फाइल करावी. खोक्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असतेच. तारीख, गेन आणि खरखरीचा आकडा पेन्सिलीने लिहायला त्याची बाजू पुरते.