कलावतीची मिळकत (भाग ५) : पगारपत्रकावरची नायिका

१९३९ सालच्या जुलै महिन्यात पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकापाशी एक नायिका उपोषणाला बसली. दोनच वर्षांपूर्वी ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी नीरा तिने उभी केली होती आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली होती. ती नायिका म्हणजे शांता आपटे. भांडण कापलेल्या पगाराचे आणि करारातल्या हक्कांचे होते. वर्तमानपत्रांना खमंग विषय मिळाला. नटीचा लहरीपणा म्हणून अनेकांनी तो हसण्यावारी नेला. पण मागणी साधी होती : केलेल्या कामाचे ठरलेले पैसे मिळावेत आणि करारात लिहिलेले दोन्ही बाजूंनी पाळावे.

मागच्या भागात आपण नाटक मंडळ्यांतले पगार पाहिले. सिनेमा आला तेव्हा तीच रीत त्याने उचलली. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती हवी होती आणि एकही बाई पुढे यायला तयार नव्हती. अखेर उपाहारगृहात दहा रुपयांवर काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी पंधरा रुपयांवर घेतले. १९१३ मधली आपल्या पडद्यावरची ही पहिली ‘राणी’ पुरुष होती आणि तिची बढती पाच रुपयांची होती. त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकी उभ्या राहिल्या. कमलाबाई गोखले म्हणून पुढे रंगभूमी गाजवली ती हीच मुलगी.

तीसच्या दशकातल्या मोठ्या स्टुडिओंत नट-नटी, सुतार, रंगारी, कॅमेरामन हे सगळेच पगारी नोकर असत. चित्रपट असो वा नसो, महिन्याचा पगार चालू. या पद्धतीचे भले इतके की कलावंताच्या घरची चूल पेटती राहायची. वाईट ते असे की चित्रपट वर्षभर हाऊसफुल्ल चालला तरी पगाराच्या आकड्यावर त्याचा आपोआप काही परिणाम होत नसे, आणि कराराची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याचे काम घेता येत नसे. शांताबाईंच्या बाबतीत हे आणखी बोचते. त्या स्वतः गात. ‘कुंकू’त तर त्यांनी लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा गायली. म्हणजे नायिका आणि गायिका, दोघींचे काम एका पगारात. कंपनीचा हा फायदा कुणी हिशोबात धरला नाही, हा मला त्या उपोषणाइतकाच महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

उपोषण लवकरच संपले. शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या आणि १९४० मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. या धंद्यात पाय ठेवू पाहणाऱ्यांसाठी, धंद्यात पिळवणूक कशी होते हे आतून पाहिलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक आहे. अभिनय हे श्रम आहेत आणि त्यांचा मोबदला मागणे हा हट्ट नव्हे, ही भूमिका तेव्हा एका नटीने छापून आणावी याला धैर्य लागते. पुढच्याच वर्षी त्या मद्रासकडच्या तमिळ ‘सावित्री’त नायिका होत्या. त्या चित्रपटात नारदाचे काम एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केले आणि त्या मानधनातून ‘कल्कि’ हे साप्ताहिक उभे राहण्यास मदत झाली. एका भूमिकेच्या पैशातून नियतकालिक उभे राहते, इतके मोल त्या काळातही एखाद्या कलावतीला मिळू शकत होते. ते बहुतेकींना मिळत नव्हते, एवढेच.

आता प्रभातचाच ‘अमरज्योती’ आठवा, १९३६ चा. त्यात शांताबाईंच्या बरोबरीने आणखी एक बाई होती : समुद्रावर राज्य करणारी चाच्यांची राणी सौदामिनी, म्हणजे दुर्गा खोटे. गिरगावातल्या लाड सॉलिसिटरांची मुलगी, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, सुखवस्तू घरची सून. सासरची श्रीमंती ओसरली तेव्हा दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या घेतल्या, मग १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’ या मूकपटात छोटे काम केले. समाजाने नावे ठेवली. १९३२ मध्ये प्रभातच्या, व्ही. शांताराम यांच्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती झाल्या, साळुंकेंनी केलेलीच भूमिका, एकोणीस वर्षांनी. तरुण वयातच वैधव्य आले, पदरात दोन मुलगे होते. हौस म्हणून सिनेमात राहण्याची चैन त्यांना नव्हती.

त्यांचा मोठा निर्णय पुढचा. एका कंपनीच्या पगारावर बांधून घेण्याऐवजी त्यांनी चित्रपटागणिक करार करायला सुरुवात केली. तेव्हा कोल्हापुरात असलेली प्रभात, कलकत्त्याची ईस्ट इंडिया फिल्म कंपनी, मग मुंबई : जिथे काम तिथे त्या. देवकी बोस यांचा १९३४ चा ‘सीता’ त्यातलाच. जोखीम होती, कारण चित्रपट नसेल त्या महिन्यात हाती काही नाही. पण दर ठरवताना समोरासमोर बसण्याचा अधिकार आला. १९३७ मध्ये तर ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शनही त्यांनीच केले.

मिळकत टिकवण्याचे दुसरे कसब म्हणजे वय मान्य करणे. नायिकेची वर्षे थोडी, आईची पुष्कळ. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये त्या जोधाबाई होत्या आणि १९७४ च्या ‘बिदाई’साठी सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर त्यांना मिळाले. सिनेमाच्या जोडीला मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर ‘भाऊबंदकी’, ‘राजमुकुट’ अशी नाटके चालूच होती. सोबत माहितीपट, जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था. दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेली ‘वागले की दुनिया’ दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती. तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशी होते.

दोघींची तुलना करून एकीला हुशार आणि दुसरीला भोळी ठरवणे अन्यायाचे होईल. दुर्गाबाईंपाशी शिक्षण होते, बोलायला इंग्रजी होते, माहेरचे नाव होते. शांताबाईंपाशी गळा आणि लोकप्रियता होती, आणि ती लोकप्रियता कंपनीच्या फाटकावर कामी आली नाही. १९६४ मध्ये त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती.

नाट्यशाळांत, अभिनयाच्या वर्गांत शिकणाऱ्या मुलींनी ‘मी, दुर्गा खोटे’ आणि ‘जाऊ मी सिनेमात?’ ही दोन्ही पुस्तके मिळवून वाचावीत आणि सहीसाठी पुढे आलेल्या कराराचे प्रत्येक कलम त्यानंतर वाचावे. पुढच्या आठवड्यात नाटकातल्या ‘नाइट’चा, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या मानधनाचा, हिशोब पाहू.