सावत्र पालकाचा अधिकार : बेपत्ता पिता परत येतो तेव्हा

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील आपल्या कुटुंबांना परगावी गेलेल्या माणसाची वाट पाहण्याची सवय पिढ्यानपिढ्यांची आहे. कोणी मुंबईला गेला, कोणी बोटीवर चढला, कोणी आखातात. बहुतेक जण पैसे पाठवितात, नाताळला वा मे महिन्यात घरी येतात. काहींची मात्र खबरबात थांबते, आणि मागे राहिलेली पत्नी कालांतराने दुसरा विवाह करते. नवा पती लेकराला शाळेत पोचवितो, आजारपणात रात्र जागून काढतो, पहिल्या कम्युनियनच्या दिवशी त्याच्या शेजारी उभा राहतो. मग आठ-दहा वर्षांनी जन्मदाता दारात येऊन म्हणतो, "मूल माझे आहे." अशा वेळी कायदा सावत्र पित्याला काय देतो?

उत्तर कटू आहे. केवळ आईशी विवाह केल्याने सावत्र पित्याला मुलावर कोणताही पालकत्वाचा अधिकार मिळत नाही. सावत्र आईचीही गत तीच. हिंदूंसाठी असलेल्या १९५६ च्या पालकत्व कायद्यात तर 'पिता' व 'माता' या शब्दांत सावत्र पिता वा सावत्र माता येत नाहीत, असे स्पष्टच लिहिले आहे. आपल्याला तो कायदा लागू नाही. ख्रिस्ती कुटुंबांचे असे वाद पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे ओरोसला जातात. पण निष्कर्ष निराळा निघत नाही. या अधिनियमाच्या १९ व्या कलमानुसार पिता वा माता हयात असून ती अयोग्य ठरत नसतील, तर न्यायालय दुसऱ्या कोणाला मुलाच्या देहाचा पालक नेमत नाही. (२०१० पर्यंत या कलमात फक्त पित्याचा उल्लेख होता. मातेचे नाव त्यात यायला एकशे वीस वर्षे लागली!)

याचा अर्थ परतलेला पिता मुलाचा हात धरून सरळ निघून जाऊ शकतो, असा मात्र नाही. त्याला न्यायालयातच यावे लागते, आणि तेथे १७ व्या कलमानुसार पहिला प्रश्न मुलाच्या हिताचा असतो. मूल समंजस वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतली जाते. दोन निवाडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे न्यायालय कसा विचार करते ते उमगते. दोन्ही सावत्र पालकांचे नाहीत. परंतु जन्म देणारा एक आणि सांभाळणारा दुसरा, हा पेच दोहोंत आहे.

पहिला निवाडा २००८ चा, कोलकात्याच्या एका कुटुंबातला. आईच्या मृत्यूनंतर मूल आजी-आजोबांकडे वाढत होते आणि पित्याने ताबा मागितला होता. आईच्या मृत्यूबाबत त्याच्यावर फौजदारी आरोप होते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाला आपल्या दालनात बोलावून विचारले. त्याला पित्याकडे जायचे नव्हते. ताबा आजी-आजोबांकडेच राहिला. दुसरा निवाडा २०१९ चा, आपल्याच राज्यातला. आई कर्करोगाने ग्रासलेली आणि पिता क्षयरोगाने रुग्णालयात, म्हणून तान्हे बाळ पुण्याला मावशीकडे गेले. आईचे निधन झाले, पिता बरा होऊन परतला, पण मावशीकडील मंडळी मूल देईनात. मुंबई उच्च न्यायालयाने व नंतर सर्वोच्च न्यायालयाने मूल पित्याकडे सोपविले. मावशीच्या मायेत काही उणे होते म्हणून नव्हे. पित्याने मूल टाकले नव्हते, तो आजारी होता. आणि मूल अवघे पावणेदोन वर्षांचे होते. गैरहजेरी का घडली आणि मूल किती वयाचे आहे, या दोन गोष्टींना किती वजन असते हे यावरून ध्यानात यावे.

आई हयात असेल तर सावत्र पित्याची खरी ढाल तीच. तिने पुनर्विवाह केला एवढ्यावरून मुलाचा ताबा तिच्याकडून काढून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले आहे. २०१५ मध्ये एका अविवाहित ख्रिस्ती मातेने एकटीच्या पालकत्वासाठी अर्ज केला होता. मुलाच्या पित्याला नोटीस दिल्यावाचून तो अर्ज चालवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. विवाहित स्त्रीने मात्र ही सवलत गृहीत धरू नये. पतीचा पत्ता ठाऊक नसल्यास न्यायालयाच्या परवानगीने वृत्तपत्रात जाहीर नोटीस देता येते, आणि ती द्यावी. पुढे तोच कागद "मला कळविलेच नाही" या तक्रारीला उत्तर ठरतो.

सर्वांत नाजूक जागा निराळीच आहे : पहिला विवाह खरोखर संपला होता काय? सात वर्षे ठावठिकाणा नाही म्हणजे विवाह आपोआप तुटला, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागली असती त्यांनाच सात वर्षे लागली नाही, तर मृत्यूचे अनुमान काढता येते हे खरे (आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम १११). पण माणूस जिवंत परतला की ते अनुमान कोसळते. घटस्फोट अधिनियम, १८६९ मध्ये २००१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सात वर्षांची बेपत्ता अवस्था, तसेच दोन वर्षांचा परित्याग, ही घटस्फोटाची कारणे आहेत. पण त्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा हवा. तो नसेल तर दुसरा विवाह रद्दबातल ठरू शकतो, आणि मग दहा वर्षे मूल वाढविणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने सावत्र पितादेखील राहत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही दीर्घ अनुपस्थिती पुरेशी नाही. कॅनन १७०७ नुसार साक्षीपुरावे तपासून, नैतिक खात्री झाल्यावरच बिशप मृत्यूच्या अनुमानाची घोषणा करतात. नागरी हुकूमनामा आणि ही घोषणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीने दुसरीचे काम होत नाही.

पक्का उपाय दत्तकविधानाचा. ख्रिस्ती लोकांना दत्तक घेता येत नाही, ही समजूत आता जुनी झाली. सन २००० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रिबेलो यांनी एका ख्रिस्ती दांपत्याच्या प्रकरणी ती वाट मोकळी केली, आणि बाल न्याय अधिनियमाने ती सर्वधर्मीयांसाठी रुंद झाली. २०१५ च्या अधिनियमाखालील नियमांत सावत्र पालकाने दत्तक घेण्याची स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठी जन्मदात्या पालकांची संमती लागते, आणि ताब्याचा दावा चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत थांबावे लागते. म्हणून पिता परतण्यापूर्वीच हालचाल करणे शहाणपणाचे. अंतिम आदेशाचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिला. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला होता, तेव्हा अर्ज कोठे करावा हे ओरोसच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधी विचारून घ्यावे. एकदा दत्तकाचा आदेश झाला की परतलेल्या पित्याचा दावा उरत नाही.

धर्मग्रामांत वारंवार येणारी एक विनंती येथे सांगायला हवी. शाळेसाठी म्हणून स्नानसंस्काराच्या नोंदवहीत सावत्र पित्याचे नाव घालून द्या, असे पालक म्हणतात. तसे करता येत नाही. नोंदवही घडलेल्या गोष्टीची साक्ष आहे. दत्तकाचा आदेश आणल्यास त्याची रीतसर नोंद घेता येते. आडनावाचा प्रश्न निराळा : पिता मरण पावला असल्यास मुलाला कोणते आडनाव द्यावे हे आई ठरवू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निवाडा आहे. पिता हयात असता तो जसाच्या तसा लागू होईल असे मानू नये.

वारशाचेही बहुतेक विसरतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्र नसेल तर सावत्र मुलाला सावत्र पित्याच्या मिळकतीत वाटा नाही. घर, होडी, बँकेतील ठेव, जे काही त्या मुलाला द्यावयाचे असेल ते दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्रात लिहून ठेवावे. (गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे, एखाद्याचे मूळ तेथले असल्यास तिकडच्या वकिलाला विचारावे.)

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून कागद करावयाचे राहून गेले, असेही ऐकू येते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना व मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. जाताना मुलाचा जन्मदाखला, विवाहाचे दाखले, शाळेच्या शुल्काच्या पावत्या आणि पहिल्या पतीच्या शोधासाठी केलेल्या पोलीस तक्रारीची प्रत बरोबर न्यावी.