फटीच्या मापाचं रबर

टॅक्सी म्हणून प्रीमियर पद्मिनीने मुंबईचा निरोप घेतला तो ३० ऑक्टोबर २०२३ रोजी. हौशी मालकांच्या घरी मात्र ती अजून नांदते आहे, आणि कुर्ल्याच्याच कारखान्यातल्या तिच्या थोरल्या बहिणी, ‘डुक्कर फियाट’ आणि १९६४ची डिलाइट, यासुद्धा. या गाड्यांचं इंजिन खटपट करून उभं राहतं, रंग नवा चढतो, क्रोमही चकाकतं. घोडं अडतं ते दाराच्या रबरापाशी, गॅरेजच्या बोलीत बीडिंगपाशी.

जुनं रबर फुटतं त्याला कारण आहे. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमका तिथेच घाव घालतो आणि ताण पडलेल्या जागी आडव्या भेगा पडतात. १९६०च्या दशकात बाजारात आलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत हे बंधच नाहीत. त्यामुळे ऊन, पाऊस, ओझोन ते वर्षानुवर्षं सोसतं. तेलाशी मात्र त्याचं वाकडं. बिजागरीला तेल घालताना हात जपून.

जुना तुकडा दाखवून ‘अस्संच बनवून द्या’ म्हणणं सोपं, पण फसगत तिथेच होते. दारामागे कित्येक वर्षं दबलेलं रबर मूळ आकारात राहिलेलं नसतं. त्यातून गाडीचं पत्राकाम झालं असेल तर डाव्या आणि उजव्या दाराची फटही सारखी नसते. जाणकार कारागीर म्हणून आधी फट मोजतो: चौकटीवर वीत-वीत अंतराने प्लॅस्टिसिनच्या गोळ्या चिकटवायच्या, दार लावायचं, उघडायचं आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजायची.

समजा, फट ८ मिलिमीटर आली. तिथे १२ मिलिमीटरची पोकळ, स्पंजी नळी बसवली तर ती एक तृतीयांश दबते आणि पाणी अडवते. तीच नळी ११ मिलिमीटरच्या फटीत नुसती टेकते; ५च्या फटीत दार खांद्याने ढकलावं लागतं. नळीत कोंडलेली हवासुद्धा दाराला विरोध करते, म्हणून तिला ठरावीक अंतरावर बारीक भोकं ठेवतात.

मऊपणावर भाळून रबर घेऊ नये. दाब काढल्यावर ते किती परत फुगतं, ही खरी परीक्षा. प्रयोगशाळेत नमुना साधारण पाव जाडीने दाबून बराच वेळ भट्टीत ठेवतात आणि नंतर किती दबका राहिला ते मोजतात. साच्याचीही गंमत आहे: डायमधून बाहेर पडताना रबर फुगतं, त्यामुळे डायचं भोक हव्या त्या आकाराचं कापलं तर माल भलताच निघतो.

डुक्कर फियाटच्या पुढच्या दारांनी कोडं आणखी वाढवलं. त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. कुठल्याही दारात बिजागरीकडचं रबर घासलं जातं, कुलुपाकडचं सरळ दाबलं जातं. इथे या दोन्ही बाजू उलटल्या. उघडणारी कड समोरून येणाऱ्या वाऱ्यापावसाला तोंड देते, म्हणून पुढच्या खांबावरचं रबर तिथे जास्त काटेकोर हवं.

नवं रबर आणण्याआधी बिजागऱ्यांचा खुळखुळा काढून घ्या. लोंबलेल्या दाराला कुठलंच रबर पुरत नाही. आणि काचेच्या फटीतून थोडं पाणी दारात उतरणारच. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाशी भोकं दिलेली असतात. उत्साहाच्या भरात त्यांवर रबर चिकटवू नका. पत्रा आतून कुजतो.